दोरा गेला आत, दोरा आला बाहेर

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. दर वर्षी जानेवारीत माझ्या वाढदिवसाला तू शिवलेला ड्रेस येतो, मी आभाराच्या चार ओळी पाठवते आणि मग वर्षभर आपण दोघी गप्प असतो. यंदा ड्रेस आला नाही, त्याची तक्रार करायला मी लिहीत नाही, तो विषय मनातही आणू नकोस. कारण वेगळं आहे आणि ते कागदावर उतरवायला मला सात आठवडे लागले.

डिसेंबरच्या मध्याला बाबांना पक्षाघाताचा झटका आला. जिवावरचं संकट टळलं आहे. उजवा हात आणि पाय अजून जड आहेत, तरी काठीच्या आधाराने ते खोलीतून दुकानात येतात आणि आपल्या नेहमीच्या टेबलापाशी बसतात. त्यांना सगळं समजतं. वाचा मात्र गेली आहे. कोणताही शब्द उच्चारायला गेले की नुसतं ‘ता, ता’ बाहेर पडतं, आणि ते ऐकून त्यांना स्वतःचाच इतका राग येतो की ते भिंतीकडे तोंड करून बसतात. पुस्तकबांधणीच्या त्या दुकानात बाबा तसेही दिवसाला वीस-पंचवीस वाक्यांच्या वर बोलत नसत. ती वीस-पंचवीस वाक्यं म्हणजे या घराचे खांब होते, हे आता कळतं आहे.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार करणाऱ्या बाई येतात. त्या म्हणतात, बोलण्याचे शब्द आणि गाण्याचे शब्द मेंदूत वेगवेगळ्या घरी राहतात, एका घराला कुलूप लागलं तरी दुसऱ्याची खिडकी उघडी असू शकते. ‘त्यांना तोंडपाठ असलेलं एखादं गाणं शोधा,’ असं त्यांनी सांगितलं. आता बाबा आणि गाणं! मी रेडिओवरची पाच-सहा गाणी लावून पाहिली. चुकीच्या मापाचा पुठ्ठा कापून आणणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी रेडिओकडे पाहिलं.

मागच्या गुरुवारी मात्र एक गोष्ट घडली. सकाळी वाचनालयातली नोकरी आणि दुपारी दुकान, असं सध्या माझं चाललं आहे. एका शाळेची हजेरीबुकं मी शिवत होते. टोच्याने भोक पाडायचं, सुई आत, सुई बाहेर. आणि माझ्याही नकळत मी पुटपुटले, ‘दोरा गेला आत, दोरा आला बाहेर.’ बाबांनी डाव्या हाताने टेबलावर दोन थापा मारल्या. मी गप्प झाले. त्यांनी पुन्हा दोन थापा मारल्या आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांची हरवलेली किल्ली हातात धरून उभी आहे आणि मलाच ते ठाऊक नाही.

ती ओळ माझीच आहे. चार-पाच वर्षांची असताना याच टेबलाखाली बसून मी एक गाणं रचलं होतं, एवढं अंधूक आठवतं. त्या ओळीच्या मागचं-पुढचं सगळं पुसलं गेलं आहे. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, घरात बाबा, तू आणि मी, असे तिघंच होतो. मला आठवत नाही, बाबांना सांगता येत नाही. उरलीस तू.

तू हे घर सोडून गेलीस त्याला सतरा वर्षं झाली. का गेलीस ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आताही विचारत नाही. फक्त ते गाणं मला दे.

तुझी भाची

—

१० फेब्रुवारी

चि. भोंग्या,

दचकलीस ना? तुझं नाव होतं ते. दिलेलं नव्हे, कमावलेलं! तू टेबलाखालून गायला लागलीस की समोरचा घड्याळवाला दुकानाचं दार लावून घ्यायचा. आता तू इतक्या हळू आवाजातलं पत्र लिहितेस की मला चष्मा लावून वाचतानाही कान पुढे करावा लागला.

दादाला एवढं झालं आणि मला सात आठवड्यांनी कळतंय. तुला बोल लावत नाही. वाईट बातमी कळवायची नाही आणि चांगली बोलायची नाही, ही आपल्या घराण्याची रीतच आहे. डिसेंबरच्या शेवटी मला दर वर्षी टपालाने एक गोष्ट येते, ती यंदा आली नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. कसली गोष्ट ते विचारू नकोस. ड्रेसही त्यामुळेच राहिला.

तर गाणं. मला आठवतं. न आठवायला काय झालं?

घडी घाल घडी, कागदाची गादी,
टोचा म्हणतो टुक, माझी पाळी आधी.
दोरा गेला आत, दोरा आला बाहेर,
सगळ्या सगळ्या कागदांना मिळालं माहेर.

सुरुवात खालच्या पट्टीत करायची. ‘टुक’ आलं की तू टेबलाच्या फळीला खालून डोकं आपटायचीस, मुद्दाम, आणि मग ‘लागलं’ म्हणून माझ्याकडे यायचीस. ‘माहेर’ला मोठ्ठा हेल. दादा पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवताना कधी घड्याळ बघत नसे. ‘भोंग्या, वाजव,’ म्हणायचा. दोनदा गाणं म्हणून झालं की पातेलं उतरवायचं. पुढे पुढे तोही गुणगुणायला लागला होता. आपल्याला कोणी ऐकत नाही अशी त्याची समजूत होती. मी शेजारच्या खोलीत शिलाई मशीन थांबवून ऐकायची.

हे त्याच्याकडून म्हणवून घे. आणि कसा म्हणतो ते मला कळव. सविस्तर कळव. तुमच्या वाचनालयातल्या कार्डांसारखं दोन ओळींत नको.

आमचे मोजणीदार, म्हणजे तुझे काका, शेजारी उभे राहून विचारतायत की एवढं काय लिहितेस. जमिनी मोजण्याचं काम सुटलं, मोजायची सवय काही सुटली नाही, माझी पत्रंही पानांवर मोजतात.

आत्या

—

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सविस्तर लिहिते.

तुझं पत्र शनिवारी आलं. बाबांच्या समोर बसून गायचं म्हणजे माझी परीक्षाच. मी वाचनालयात कोणाला ‘शांतता राखा’ असं सांगायचं झालं तरी पाटीकडे बोट दाखवते. शेवटी मी टेबलाखाली जाऊन बसले. हसू नकोस, तिथे अजून जागा पुरते, मान थोडी वाकवावी लागते. खालूनच सुरुवात केली आणि ‘टुक’ आल्यावर डोकं आपटलं. वरून एक आवाज आला. मला वाटलं ते खोकले. पुन्हा म्हटलं तर पुन्हा तोच आवाज. ते हसत होते, आत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ‘टुक’ म्हटलं. पाचव्या दिवशी ‘आत’ आणि ‘बाहेर’. काल सगळी चार कडवी, चुकले, चार ओळी त्यांनी माझ्यासोबत म्हटल्या. जीभ जड होती, ‘गादी’चं ‘दादी’ झालं, पण ‘माहेर’ला जो हेल घेतला तो तू लिहिलास तसाच, मोठ्ठा. घड्याळवाले आजोबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘भोंगा दुरुस्त झाला वाटतं.’ मग डोळे पुसत निघून गेले.

उपचार करणाऱ्या बाईंना अत्यानंद झाला. तरी त्यांनी मला सावध केलं. पाठांतर म्हणजे बोलणं नव्हे, म्हणाल्या. ते नुसतं दार आहे. ज्या दिवशी ते या गाण्यातला एखादा शब्द स्वतःच्या मनाने बदलतील, त्या दिवशी ते बोलू लागले असं समजायचं. शिवाय पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, नंतर दार जाम होत जातं. म्हणून मला घाई आहे, आणि म्हणूनच पुढचं विचारते.

चार ओळी संपल्या की बाबा थांबत नाहीत. टेबलावर दोन थापा मारतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर मान हलवतात. पहिल्यापासून नको, पुढे, असं त्यांना म्हणायचं असतं. मला आधी वाटलं की हा माझा भास आहे. मग मी तू सांगितल्याप्रमाणे खळ शिजवली. गाणं दोनदा म्हटलं, पातेलं उतरवलं. कच्ची! पिठाचा वाससुद्धा गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोजून पाहिलं, त्याच शेगडीवर, तेवढ्याच पाण्यात. गाणं चार वेळा म्हटल्यावर खळ नीट शिजली.

आत्या, माणसं विसरतात, खळ विसरत नाही. गाणं तू पाठवलंस त्याच्या दुप्पट आहे. दुसरं कडवं कुठे आहे?

तुझी भाची

—

२४ फेब्रुवारी

चि. भोंग्या,

दादा हसला हे वाक्य मी मोजणीदारांना तीनदा वाचून दाखवलं.

दुसरं कडवं वगैरे काही नाही. खळ कच्ची राहिली तर आच कमी असेल, किंवा तू भरभर गायली असशील. जेवढं आहे तेवढ्यावर भागव. चार ओळी त्याच्या तोंडी नीट बसल्या तरी पुष्कळ झालं. हवं तर दुसरं एखादं गाणं शिकव.

इकडे कामाची घाई आहे. एका नाटकमंडळीचे बावीस अंगरखे उसवून पुन्हा शिवायचे आहेत. ज्याने आधी शिवले त्याने माणसांना दोन्ही खांदे सारखे असतात असं धरलं होतं.

ड्रेस शिवते. तुझी मापं पाठव.

आत्या

—

६ मार्च

प्रिय आत्या,

मापं सोबतच्या कागदावर आहेत. इतकी वर्षं तू न विचारता शिवत आलीस आणि एकही ड्रेस कधी बोटभर इकडेतिकडे झाला नाही. शिंपिणीची नजर शेकडो मैलांवरून पोहोचते असं मी मैत्रिणींना सांगत असे. यंदा तुला मापं विचारावी लागली याचं मला का वाईट वाटलं, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दुसरं कडवं नाही असं तू लिहिलंस. तुझ्यावर अविश्वास दाखवणं मला शोभत नाही, म्हणून मी एक वेडेपणा केला. स्वतःच दुसरं कडवं रचलं. मात्रा मोजून, यमक जुळवून, दोन दिवस खपून. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग कागद माझ्या हातातून घेऊन, नीट चौघडी करून, मला परत दिला. त्यांच्याकडे कोणी निकृष्ट कागद आणला तर ते असंच करत.

मग मी सरळ विचारलं, ‘बाबा, दुसरं कडवं आहे का?’ त्यांनी जोरात मान हलवली, हो. ‘कुठे आहे?’

यानंतर जे झालं ते असं. फळीवर एक जाडजूड शब्दकोश दुरुस्तीला आलेला आहे. तो त्यांनी डाव्या हाताने ओढला, मांडीवर घेतला आणि त्याच्या पाठीवरचं कापड टरकन फाडलं. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकं सांधली, त्याने! आत पाठीला चिकटवलेले रद्दी कागद उघडे पडले. त्यावर त्यांनी बोट आपटलं. मग टेबलावर तुझं पाकीट होतं, त्यावर आपटलं, जिथे मागे तुझा पत्ता असतो तिथे. पुन्हा पुस्तकाची पाठ, पुन्हा तुझं पाकीट. असं तीनदा. ‘ता, ता’ म्हणत होते आणि कपाळाची शीर ताठ झाली होती.

मी घाबरले. तुझ्यावरचा जुना राग उसळून आला असावा, असं मला वाटलं. मी पुस्तक काढून घेतलं, पाकीट लपवलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, त्याला आज चार दिवस झाले. गाणं बंद आहे, थापाही बंद आहेत. बाई म्हणाल्या, ‘जबरदस्ती करू नका, वाट पाहा.’ पण वाट पाहायला वेळ किती आहे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मीच काहीतरी उघडायला नको ते उघडलं. यापुढे तुला त्रास देणार नाही.

तुझी भाची

—

१२ मार्च

भोंग्या, माझ्या बाळे,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि तशीच खाली बसले, कात्रीवर. मोजणीदारांनी पट्टी बांधली. आता ऐक.

तो रागावला नव्हता गं. तो तुला पत्ता सांगत होता.

आधी पहिल्यापासून सांगते. दुसरं कडवं आहे. मी खोटं बोलले, आणि एका पातेल्याने मला पकडलं. ते असं:

खळ शिजे गुबुक, गुबुक गुबुक गुब,
बाबा म्हणे थांब, आत्या म्हणे डूब.
आत्याच्या डब्यात गुंड्यांच्या खाली
निळी निळी चिठ्ठी झोपायला आली.

बटणांना आम्ही गुंड्या म्हणायचो. मी लहानपणी एक गिळली होती, तेव्हापासून दादा मलाच गुंडी म्हणायचा. माझ्या गुंड्यांच्या डब्यात, अगदी तळाशी, मी चिठ्ठ्या ठेवत असे. एक मोजणीदार नकाशांची पुस्तकं बांधून घ्यायला दुकानात यायचा आणि नकाशाच्या निळ्या कागदाच्या कपट्यांवर मला लिहायचा. दादाला मी काही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू. तुझी आई गेल्यापासून तो माझ्या भरवशावर उभा होता आणि मी निघाले तर तो पडेल अशी मला भीती होती. तू मात्र टेबलाखालून सगळं बघायचीस. पाच वर्षांच्या पोरीला चिठ्ठी झोपायला जाते याचं केवढं कौतुक! एका दुपारी, दुकानात चार माणसं असताना, तू नवं कडवं म्हणून दाखवलंस. सगळे हसले. दादाही हसला. मग त्याने डबा उघडला.

तो तेव्हा वाईट बोलला, मीही काही मागे राहिले नाही. तो म्हणाला, ‘लपवून घातलेला टाका कधी तरी उसवतोच.’ मी म्हटलं, ‘मग काय करू? मी काही तुझ्या दाबाखाली ठेवलेला पुठ्ठा नाही!’ तो म्हणाला, ‘जायचं तर जा. परत ये हा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही.’ मी म्हटलं, ‘तो निघेपर्यंत मी उंबरा चढायची नाही.’ दोघंही एकाच आईची लेकरं, दिलेला शब्द हट्टाने पाळला.

आणि तू टेबलाखाली होतीस. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मी निघाले तेव्हा तू माझा पदर धरून म्हणालीस, ‘मी आता गाणार नाही, मग तू जाऊ नको.’ तुला हे आठवत नाही, देवाची दया. हे तुला कधी कळू नये म्हणून मी ते कडवं गिळून बसले, त्या लहानपणच्या गुंडीसारखं. तुझ्या गाण्याने घर मोडलं असं तुला वाटलं असतं. ते खोटं आहे. घर आमच्या गप्प राहण्याने मोडलं. त्या घरात खरं बोलणारं एकच माणूस होतं आणि ते पाच वर्षांचं होतं.

आता मापांचं. शिंपिणीची नजर वगैरे काही नाही, वेडे. दर डिसेंबरात एक कार्ड यायचं. त्यावर ना नमस्कार ना सही, नुसते आकडे: खांदा, छाती, कंबर, उंची. दादाच्या हातचे. तुला कधी कळलं नाही, म्हणजे तो तुझे वाळत घातलेले कपडे मोजत असणार. यंदा कार्ड आलं नाही, तेव्हा मी समजले की काहीतरी बिनसलं.

आणि पुस्तकाचं. मी इकडे आले त्याच्या पुढच्या वर्षी त्याने मला एक कोरी वही बांधून पाठवली, कापडी पाठीची, चिठ्ठी नाही की काही नाही. मला एवढा राग आला! दोन शब्द लिहायचे सोडून तीनशे कोरी पानं पाठवतो हा माणूस! मी ती माझ्या शिलाई मशीनच्या आखूड पायाखाली घातली. सोळा वर्षं तिथेच होती. मशीन कधी हललं नाही, हे त्याला सांग, बरं वाटेल.

तुझं पत्र वाचून मी मशीन उचललं. मी बांधणीवाल्याच्या घरात वाढलेय, पाठीत रद्दी कागद घालतात हे मला ठाऊक होतं, आणि दादा रद्दीसुद्धा निवडून घालायचा. ‘आतलं कोणी वाचत नाही, पण पुस्तक त्याच्यावरच उभं असतं,’ म्हणायचा. उसवायच्या पात्याने मी कापड सोडवलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे टाके उसवले, कधी हात कापला नव्हता.

आत त्याचं अक्षर. दोन्ही कडवी, एकही ओळ न गाळता. निळ्या चिठ्ठीसकट. खाली लिहिलंय: ‘पोरीने हे म्हणायचं सोडलं. मी म्हटलं तर कानावर हात ठेवते. हे गाणं घरात ठेवायला जागा उरली नाही, म्हणून तुझ्याकडे ठेवतो. गाण्यात चूक नव्हती. ऐकणाऱ्यात होती.’

सोळा वर्षं हे माझ्या पायाशी होतं गं.

मोजणीदार म्हणाले, ‘त्याला बोलता येत नाही, तुला चालता येतं, मग हिशेब कशाला?’ बरोबर आहे. तो शब्द आता त्याच्या तोंडून निघणं शक्य नाही, तर मी कशाच्या जोरावर अडून बसू? मी न बोलावता येते. अठ्ठावीस तारखेला, दुपारच्या गाडीने. वही तशीच, उघड्या पाठीची घेऊन येते. बांधणी त्यानेच करायची, हात तुझे वापरायचे.

तोवर त्याला दुसरं कडवं दे. टेबलाखालून नको. समोर बसून, मोठ्याने.

तुझी आत्या

—

२१ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र तू निघण्याआधी पोहोचावं म्हणून मी ते स्वतः टपाल कचेरीत जाऊन देणार आहे.

तुझं पत्र मी वाचनालयाच्या पायरीवर वाचलं. ‘मी आता गाणार नाही’ हे वाक्य वाचलं आणि मला तुझ्या पदराचा रंग आठवला. मातकट, काठाला हिरवा दोरा. म्हणजे आठवण गेली नव्हती, कोणीतरी तिच्यावर गुंड्या ओतून ठेवल्या होत्या. मी थोडी रडले. मग मला कळलं की मी दुःखाने रडत नाही. शाळेत प्रत्येक बक्षीस घेताना मान खाली, वर्गात उत्तर येत असून हात वर नाही. माझा स्वभावच असा, असं मी सतरा वर्षं समजत होते. तो स्वभाव नव्हता. ते एका पाच वर्षांच्या मुलीने दिलेलं वचन होतं, आणि ज्या कारणासाठी दिलं होतं ते अठ्ठावीस तारखेला दुपारच्या गाडीने संपतं आहे. तेव्हा मी ते वचन मोडलं.

समोर बसले. दुकानाचं दार उघडंच ठेवलं. पहिलं कडवं मी एकटीने म्हटलं. बाबा भिंतीकडे बघत होते. मी थांबले नाही. ‘खळ शिजे गुबुक’ म्हटलं मात्र, त्यांची मान सर्रकन वळली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तुझ्या पत्राकडे पाहिलं, आणि आपल्या डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली. ‘बाबा म्हणे थांब’ला ते सामील झाले. ‘डूब’ त्यांनी माझ्याही आधी म्हटलं. पुढची ओळ मी मुद्दाम सोडली. घड्याळवाले आजोबा दारात येऊन उभे होते, तेही श्वास रोखून.

बाबांनी म्हटलं, ‘गुंडीच्या डब्यात.’

आत्या, गाण्यात ‘आत्याच्या’ आहे. मी रचताना ‘आत्याच्या’ रचलं, त्यांनी वहीच्या पाठीत ‘आत्याच्या’ लिहिलं. ‘गुंडीच्या’ हे कोणीच कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं ते चुकले, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा ‘गुंडीच्या’, आणि या वेळी माझ्याकडे रोखून पाहत, एखाद्या मठ्ठ विद्यार्थिनीला समजवावं तसं. काल बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्याच. ‘बदलला ना शब्द?’ म्हणाल्या. ‘आता हे गाणं राहिलं नाही. आता ते बोलतायत.’

खळही करून पाहिली. गाणं पूर्ण, दोनदा. नेमकी शिजली. आच कमी नव्हती, आत्या!

मशीन कधी हललं नाही हे त्यांना सांगितलं. त्यांनी भुवया अशा उंचावल्या की न बोलताच कळलं: हलेल कसं, बांधणी कोणाची होती! शब्दकोशाची फाटलेली पाठ मी बसवते आहे. आत कोणता कागद घालू असं विचारलं, तर त्यांनी मी रचलेलं ते मात्रांचं कडवं खिशातून काढून दिलं. मला परत केलं होतं, पण मी टेबलावरच सोडलेला तो कागद त्यांनी नंतर उचलून ठेवला होता. पाठीत घालण्याइतपत बरं आहे म्हणायचं.

आज सकाळी त्यांनी माझ्या हातात पेन ठेवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. पत्र त्यांना सांगायचं होतं. वीस मिनिटं गेली. ‘ता, ता.’ कपाळावर घाम. मी आधार द्यायला गाणं सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. गाण्याच्या खिडकीतून नको होतं त्यांना. दारातून यायचं होतं.

तू न बोलावता येणार आहेस हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते त्यांना मान्य नाही, असं दिसतं.

खालचा मजकूर त्यांचा आहे. मी एक अक्षरही माझं घातलेलं नाही.

गुंडी,
ये.